तडजोडीच्या कागदावर विद्यार्थ्याची ओळ

१० मे २०१३ रोजी महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांनी विद्यापीठ परीक्षांवरचा बहिष्कार मागे घेतला. ४ फेब्रुवारीला सुरू झालेला हा बहिष्कार तीन महिन्यांहून अधिक चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर थांबला. खानदेशात त्या वेळी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तीन दिवसांवर आली होती. सासरी गेलेल्या लेकी माहेरी निघाल्या होत्या, झाडांना झोके बांधले जात होते, लग्नसराई भरात होती. आणि जळगावात, धुळ्यात खोल्या करून राहणारी मुलं-मुली आपला पेपर नेमका कधी, याची वाट पाहत होती.

त्या बहिष्कारात मीही होतो. धुळे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी तेव्हा शिकवत होतो आणि एमफुक्टो या प्राध्यापक महासंघाचा सभासद होतो. आमच्या मागण्या खऱ्या होत्या असे मला तेव्हा वाटत होते, आजही वाटते. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी मिळत नव्हती. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमणूक झालेल्या, नेट-सेट नसलेल्या सहकाऱ्यांच्या सेवेचा प्रश्न लोंबकळत पडला होता. अर्ज, निवेदने, मोर्चे, धरणे सगळे करून झाले होते. ते वाया गेल्यावरच आम्ही परीक्षेला हात घातला.

त्या एप्रिलमध्ये साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली एक विद्यार्थिनी माझ्या घरी आली. तृतीय वर्षाला होती, घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. ती तक्रार करायला आली नव्हती. तिने एवढेच विचारले, “सर, परीक्षा कधी होईल तेवढं सांगा. खोलीवाल्याला सांगायचंय.” महिना भरला होता. पुढचे भाडे द्यायचे की सामान बांधून गावी जायचे, हे तिला ठरवायचे होते. माझ्याकडे उत्तर नव्हते. ती गावी गेली. तिथे दारावरून जाणारा प्रत्येक जण विचारायचा, “तुनी परीक्षा कव्हय शे?” तिच्याकडेही उत्तर नव्हते. पुढे परीक्षा झाली, ती पास झाली. पण निकाल हाती येईपर्यंत दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या अभ्यासक्रमाला तिला जायचे होते, तिथले प्रवेश संपले होते.

शासनाने आमचे ७१ दिवसांचे वेतन रोखले. ते परत मिळावे म्हणून संघटना पुढे कित्येक वर्षे भांडत राहिली. २५ सप्टेंबर २०१८ पासून राज्यात पुन्हा कामबंद आंदोलन झाले, त्याच्याही मागण्यांत हे ७१ दिवस होते. तो हिशेब एकेका दिवसाचा होता आणि तो तसाच असायला हवा, कारण पगार ही कष्टाची कमाई असते. पण त्या मुलीचे किती दिवस गेले, किती भाडे गेले, कोणती संधी हुकली, याची नोंद कुठल्याही कागदावर नाही. शासनाच्या आदेशात नाही, आमच्या संघटनेच्या ठरावांत नाही, विद्यापीठाच्या अहवालातही नाही. संप मिटतो तेव्हा दोघांचा हिशेब होतो आणि तिसऱ्याला सांगितले जाते की आता सगळे सुरळीत झाले. मला जे म्हणायचे आहे ते या तिसऱ्याबद्दल आहे. प्रत्येक संपाच्या नोटिशीत आणि प्रत्येक तडजोडीच्या कागदात विद्यार्थ्याच्या भरपाईचे कलम असलेच पाहिजे. त्याशिवाय संप सुरू झाला असे मानू नये आणि मिटला असेही मानू नये.

संप परीक्षेवरच का येतो, हे आधी समजून घ्यायला हवे. जुलै महिन्यात प्राध्यापकांनी आठवडाभर तास घेतले नाहीत तर मंत्रालयात कुणाच्या लक्षातही येत नाही. मार्चमध्ये एका पेपराला पर्यवेक्षक मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी असते. शासन वर्षभर निवेदने फाईलला लावते आणि परीक्षेच्या तोंडावर चर्चेला बोलावते. अशी दहा-वीस वर्षे गेल्यावर संघटनांनी धडा घेतला की सरकारच्या दारावरची कडी म्हणजे परीक्षा. हा धडा त्यांना सरकारनेच शिकवला.

कायद्यानेही दुसरी वाट ठेवली नाही. शिक्षणसंस्था हा ‘उद्योग’ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात म्हटले. पण १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की शिक्षक हा कायद्याच्या व्याख्येतला ‘कामगार’ नव्हे. म्हणजे कारखान्यातल्या माणसाला सलोखा अधिकारी आणि औद्योगिक न्यायालय मिळते, तसे शिक्षकाला मिळत नाही. २००३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही असेही न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्याने तर परीक्षेच्या कामात मदत करणे शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना बंधनकारक केले आहे. संप करू नका, हे सांगणारे नियम भरपूर आहेत. शासनाविरुद्धचे तुमचे गाऱ्हाणे अमुक दिवसांत अमुक ठिकाणी निकाली निघेल, हे सांगणारा एकही मला ठाऊक नाही. अशा कोंडीतून दर काही वर्षांनी जी वाफ बाहेर येते, तिचा चटका परीक्षेला बसलेल्या मुलाला बसतो.

‘संप’ हा एकच शब्द आपण वापरतो, पण कोण संपावर आहे त्यावर कोणता विद्यार्थी कसा भरडला जातो हे ठरते. खानदेशात हे फार स्पष्ट दिसते.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले. त्याआधी इथली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती आणि एका गुणपत्रिकेसाठी पुण्याची वारी करावी लागे. विद्यापीठ जवळ आणा, ही इथल्या लोकांची मागणी मुळात अंतराविरुद्धची होती. गिरणेच्या काठी बांभोरीला विद्यापीठ उभे राहिले तेव्हा ते अंतर कमी झाले, पण संपले नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार असे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलाला बांभोरीला यायचे म्हणजे जाण्या-येण्यात दोन दिवस मोडतात.

२ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यातल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला आणि २० फेब्रुवारीपासून बेमुदत संप केला. रद्द केलेली सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना पुन्हा लागू करा, रिक्त पदे भरा, जुनी पेन्शन द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिक्षकेतर म्हणजे कोण? हॉल तिकीट काढून देणारा, टीसी लिहिणारा, बोनाफाईडवर शिक्का मारणारा, प्रयोगशाळेत रसायने मांडून ठेवणारा, ग्रंथालय उघडणारा माणूस. महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज विद्यार्थी भरतो, पण महाविद्यालयातल्या लिपिकाने तो तपासून पुढे पाठवल्याशिवाय पैसा हलत नाही. ज्याच्या घरी पैसा आहे त्याला या माणसाची गरज वर्षातून दोनदा पडते. ज्याचे शिक्षण शिष्यवृत्तीवर, वसतिगृह भत्त्यावर, आदिवासी मुलांसाठीच्या स्वयं योजनेच्या रकमेवर चालते, त्याला ती दर महिन्याला पडते. म्हणून कार्यालय बंद पडले की सगळ्यात गरीब मुलाचा घास सगळ्यात आधी अडतो. तो पोरगा मोर्चा काढत नाही. खानावळीत एका वेळचे जेवण बंद करतो.

त्यापाठोपाठ १४ ते २० मार्च २०२३ या सात दिवसांत जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी आणि निमसरकारी कर्मचारी संपावर गेले. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हे त्या संपाचे मूळ. ही तारीख विद्यार्थ्यांनीही नीट वाचावी, कारण आज अभ्यासिकेत बसून ज्या नोकरीची ते तयारी करत आहेत, तिच्या म्हातारपणाचा प्रश्न या तारखेत आहे. संपकरी आणि विद्यार्थी हे दोन वेगळे वर्ग नाहीत, हे इथे कळते. आजचा विद्यार्थी हाच उद्याचा कर्मचारी आहे.

पण खानदेशातल्या मुलांना सगळ्यात जास्त झळ पोहोचवणारा संप विद्यापीठात झालाच नाही. तो एसटीच्या आगारात झाला. करोनाच्या दीड वर्षानंतर २० ऑक्टोबर २०२१ पासून महाविद्यालयांचे वर्ग उघडू लागले, आणि पंधरवडा उलटायच्या आत एसटी थांबू लागली. दिवाळीपासून सुरू झालेला तो संप एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने कामावर हजर होण्याची मुदत ठरवून दिल्यावर मिटला. नकाशा समोर ठेवा. जळगावहून धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार हा भुसावळ-सुरत रेल्वेचा पट्टा आहे, त्यावरच्या गावांना गाडीचा आधार असतो. चोपड्याला रेल्वे नाही. शिरपूरला नाही, साक्रीला नाही, यावलला नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या वाड्या-पाड्यांना एसटीशिवाय काहीही नाही. विद्यार्थ्याला एसटीच्या मासिक पासात दोन-तृतीयांश सवलत असते, काळीपिवळीत किंवा मॅजिकमध्ये ती नसते. घरात मुलगा आणि मुलगी दोघे शिकत असतील आणि गाडीभाडे एकाचेच परवडत असेल, तर कोण घरी बसते हे मी सांगायला नको. त्या हिवाळ्यात ज्या मुली घरी बसल्या, त्यांच्यातल्या सगळ्या बस सुरू झाल्यावर परत आल्या नाहीत. माझ्या ओळखीतल्या दोघींची लग्ने त्या मार्चमध्येच उरकली.

एसटीच्या वाहक-चालकांची बाजू लंगडी होती का? मुळीच नाही. तुटपुंजा पगार, तोही महिनोन्महिने थकलेला. त्या काळात राज्यात एसटी कर्मचाऱ्यांच्या आत्महत्या झाल्या आणि जळगाव जिल्हाही त्यातून सुटला नाही. ज्या मुली घरी बसल्या, त्यांच्यातही एखादी वाहकाचीच लेक असेल. म्हणून ‘संप चांगला की वाईट’ या वादात मला शिरायचे नाही. त्या वादात विद्यार्थ्याला दोन्हीकडून ओढले जाते आणि त्याच्या हाती काही पडत नाही. शासन म्हणते, विद्यार्थ्यांना वेठीस धरू नका. संघटना म्हणते, विद्यार्थ्यांच्या हितासाठीच आमचा लढा आहे. दोघेही त्याचे नाव घेतात. त्याच्या खोलीचे भाडे मात्र दोघेही देत नाहीत.

आता एक गोष्ट रोखठोक सांगायला हवी. संप नसतानाही आपल्या महाविद्यालयांत शिकवणे अर्धवट चालू आहे. कित्येक विषयांच्या जागा वर्षानुवर्षे भरलेल्या नाहीत. त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर येणारे प्राध्यापक आहेत. पीएच.डी. झालेले, नेट-सेट उत्तीर्ण, आणि घेतलेल्या तासांचेच पैसे मिळणारे. दिवाळीची सुट्टी लागली की त्यांची कमाई थांबते, उन्हाळ्यात तर घरच्या शेतावर राबणे किंवा शिकवण्या घेणे हाच मार्ग. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकासाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असे मानधन सुचवले. आपल्या राज्याने त्याच्या पुष्कळ मागे राहणेच पसंत केले. ज्या विभागात एकच कायम प्राध्यापक आणि बाकी सारे असे तासिकेवरचे, तिथल्या विद्यार्थ्याचे तीन वर्षांत किती तास बुडतात? रिकामी खुर्ची हा शासनाने पुकारलेला संपच आहे. त्याची नोटीस निघत नाही आणि तो कधी मागे घेतला जात नाही. विद्यार्थ्याच्या नुकसानीची बेरीज करायची तर ती या खुर्चीपासून करावी लागेल.

मग त्याला आधार कसा द्यायचा?

आधाराचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात घातक मार्ग म्हणजे सरसकट पास करणे. ‘मुलांचे वर्ष वाया जाऊ नये’ या गोड वाक्याखाली तो पुढे येतो. २०२० मध्ये करोनाच्या काळात अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेता पदव्या देण्याचा विचार महाराष्ट्राने केला होता. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. त्या वेळी मुले घाबरलेली होती, आजाराची भीती खरी होती. तरी मला तो निर्णय तत्त्वतः बरोबर वाटतो. मोठ्या शहरातल्या नामांकित महाविद्यालयाच्या मुलाला पदवीखेरीज ओळख असते, नातेवाईक असतात, इंग्रजी असते. शहाद्याच्या किंवा पारोळ्याच्या मुलाकडे तीच एक गुणपत्रिका असते. तिची किंमत उतरवली तर आपण त्याचा एकुलता एक दागिना पितळेचा करतो. आधार म्हणजे परीक्षा टाळणे नव्हे. परीक्षेला तो ताठ उभा राहील अशी सोय करणे, हा आधार.

यासाठी बाहेरचे एक उदाहरण उपयोगी आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २०१७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये २४ सार्वजनिक महाविद्यालयांतले अध्यापक पाच आठवडे संपावर होते. त्यांच्याही मागण्यांत कंत्राटी शिक्षकांचा प्रश्न मोठा होता, म्हणजे आपल्या तासिकेवाल्यांचाच. संप चालू असताना तिथल्या प्रांतिक सरकारने महाविद्यालयांना सांगितले, या पाच आठवड्यांत तुम्ही जे पगार वाचवले ते तुमचे नाहीत, त्याचा विद्यार्थ्यांसाठी निधी करा. अडचणीत आलेल्या विद्यार्थ्याला त्यातून ५०० डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकली. भाडे, प्रवास, मुलांचे पाळणाघर अशा खर्चांसाठी. ज्यांना सत्र सोडायचे होते त्यांना शुल्क परत मिळाले. या तोडग्याने सगळे भागले असे नाही. पण त्यात एक विचार आहे, जो आपल्याकडे मांडला गेल्याचे मी ऐकलेले नाही. संपाच्या काळात शासनाचा पगाराचा पैसा वाचतो आणि त्या बचतीवर पहिला हक्क विद्यार्थ्याचा आहे.

आपल्याकडे हा विचार लावून पाहा. संप लांबला की शासनाचे काही बिघडत नाही, उलट वेतनावरचा खर्च लांबणीवर पडतो. म्हणून मंत्र्यांना घाई नसते. समजा असा नियम झाला की संपाच्या प्रत्येक दिवसाचे रोखलेले वेतन त्याच दिवशी विद्यापीठातल्या विद्यार्थी निधीत जमा होईल, आणि पुढे बुडालेले काम भरून काढल्याबद्दल कर्मचाऱ्यांना ते वेतन द्यावे लागले तर शासनाने ते वेगळे द्यावे. मग उशीर करण्याची किंमत सरकारला मोजावी लागेल आणि चर्चेची तारीख आपोआप अलीकडे येईल. संपाची धार यात बोथट होत नाही. ती विद्यार्थ्याच्या मानेवरून उचलून जिथे असायला हवी तिथे ठेवली जाते.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. विद्यापीठ कायदा २०१६ सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा आणि कोणत्याही स्थितीत ४५ दिवसांच्या आत तो लागावा. संपानंतर या तरतुदीचा सगळ्यांना विसर पडतो. तडजोडीच्या कागदातच लिहून ठेवावे: बुडालेले तास किती आणि ते कोणत्या आठवड्यांत भरून निघतील, परीक्षेची तारीख पहिल्या पेपरच्या किमान पंधरा दिवस आधी कशी कळेल, निकाल कोणत्या दिवशी लागेल, आणि उशिरामुळे ज्यांचे इतरत्र प्रवेश अडतात त्यांना तात्पुरते प्रमाणपत्र कोण देईल. ‘अभ्यासक्रम पूर्ण झाला’ असे रजिस्टरमध्ये लिहून मोकळे होण्याची पद्धत मी पाहिली आहे, पाळलीही आहे. ती फसवणूक आहे आणि तिचा लाभ संपकरी आणि प्रशासन दोघेही घेतात.

तिसरी गोष्ट संघटनांनी स्वतः करण्याची आहे. निवासी डॉक्टर संपावर जातात तेव्हा बहुधा तातडीच्या सेवा चालू ठेवतात. त्यामुळे त्यांचा संप दुबळा होत नाही, लोकांच्या मनात त्यांची पत वाढते. शिक्षणात तातडीच्या सेवा कोणत्या? प्रमाणपत्राची एक खिडकी, शिष्यवृत्तीच्या अर्जांची पडताळणी, वसतिगृह, अभ्यासिका, आणि नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या मुदतीत सापडलेल्या विद्यार्थ्याचे कागद. एवढे चालू ठेवून बाकी सारे बंद ठेवता येते. संपाच्या नोटिशीतच ही यादी द्यावी. आपले सरकार ती यादी वाचणार नाही कदाचित, पण पालक नक्की वाचतील.

चौथी गोष्ट, चर्चेच्या टेबलाशी विद्यार्थ्याला खुर्ची. विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकांची तरतूद आहे. ती प्रत्यक्षात उतरावी, आणि तोवर निदान प्रत्येक जिल्ह्यातला एक मुलगा आणि एक मुलगी वाटाघाटींच्या वेळी हजर असावेत. त्यांनी मत द्यावे असे मी म्हणत नाही. त्यांनी तिथे बसून आपल्या तारखा विचाराव्यात. समोर बसलेल्या माणसाला विसरून तडजोड करणे अवघड जाते.

माझे संघटनेतले मित्र यावर म्हणतात, “दादा, ज्याला त्रासच होत नाही असा संप कोण मोजतो?” या म्हणण्यात तथ्य आहे. संप म्हणजे त्रासच. पण त्रास कुणाला, हे ठरवणे आपल्या हातात आहे. गिरणी कामगाराच्या संपात मालकाचा माल अडतो. आपल्या संपात अडणारा माल हा मालकाचा नसतो, ते आपल्याच गावचे पोर असते. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिकवत होते आणि छात्रालयातल्या मुलांना आईच्या मायेने सांभाळत होते. पुढे तेच गुरुजी खानदेशातल्या शेतकऱ्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या लढ्यांत उतरले. मुलांवरचे प्रेम आणि कामगारांची बाजू यांत त्यांना एकाची निवड करावी लागली नाही. ही आपल्याच मातीतली परंपरा आहे. आम्ही तिचे वारस म्हणवतो, तर संपातही छात्रालयाची जबाबदारी आमचीच आहे.

वरच्या सगळ्या गोष्टी व्हायच्या तेव्हा होतील. तोवर संप लागला की गावाने, घराने आणि विद्यार्थ्याने काय करायचे?

शिक्षकाने तास घेतला नाही तरी घराचे दार बंद करू नये. २०१३ मध्ये मी त्या मुलीला परीक्षेची तारीख सांगू शकत नव्हतो हे खरे. पण तिला बसवून दोन धडे समजावू शकत होतो, आणि ते मी केले नाही, कारण ‘संपात शिकवले’ असे सहकारी म्हणतील याची मला भीती वाटली. संघटनेने तसे कधी बजावलेही नव्हते. ती भीती माझी होती आणि तिची मला आजही खंत आहे. घरी आलेल्या मुलाची शंका सोडवल्याने कोणताही संप फुटत नाही.

पालकांनी मुलाला ‘नुसता बसून आहेस’ म्हणू नये. तो बसलेला नाही, त्याला बसवून ठेवले आहे. कापूस वेचायला माणूस मिळत नाही, केळीला पाणी द्यायचे आहे, हे सगळे खरे. तरी दिवसातले चार तास त्याचे राहू द्या. मुलीच्या बाबतीत तर हात जोडून सांगतो, परीक्षा पुढे गेली म्हणून लग्न पुढे ओढू नका. ग्रामपंचायतीने सभागृहाची एक खोली आणि एक दिवा अभ्यासाला द्यावा. शहरात कॉट बेसिसवर खोली देणाऱ्यांनी संपाच्या महिन्याचे निम्मे भाडे घ्यावे, खानावळवाल्यांनी जेवल्या दिवसांचेच पैसे घ्यावेत. काही जण हे आजही करतात, मी पाहिले आहे. एसटी बंद असेल तेव्हा ज्यांच्या गाड्या तालुक्याला रोज जातात त्यांनी दोन मुलींना मागच्या सीटवर जागा द्यावी.

विद्यार्थ्यांनो, तुम्हीही एक काम करा. वही घ्या. कोणत्या तारखेला कोणता तास झाला नाही, कोणता कागद किती दिवस अडला, खोलीचे आणि प्रवासाचे किती पैसे जास्त गेले, कोणत्या प्रवेशाची मुदत हुकली, हे त्या त्या दिवशी लिहा. चौघांनी मिळून लिहा, सह्या करा आणि त्याची प्रत प्राचार्यांना आणि विद्यापीठाला देऊन पोच घ्या. परीक्षेची तारीख विद्यापीठाच्या परिपत्रकावरूनच खरी माना, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘परीक्षा रद्द’च्या निरोपावर अभ्यास सोडू नका. नोंद नसलेले नुकसान कधीच भरून मिळत नाही, हे मी ७१ दिवसांच्या लढ्यातून शिकलो. आमच्याकडे आकडा होता म्हणून आम्ही मागू शकलो. तुमच्याकडे तो कधी नव्हता.

आपल्या विद्यापीठाला ज्या बाईचे नाव आहे, ती आसोद्याची लेक लिहू-वाचू शकत नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपाशी तिला जे सुचत गेले, ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवले म्हणून तिच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने जगापुढे आले. जे टिपले गेले नाही ते तिच्याबरोबर गेले. त्या विद्यापीठाच्या वर्गात आज बसलेल्यांपैकी कितीतरी मुले घराण्यात पहिल्यांदा लिहायला बसलेली आहेत. त्यांचे हुकलेले दिवस आपण आजवर टिपून ठेवले नाहीत, आणि ते असेच गेले.

संघटनेतल्या माझ्या बंधू-भगिनींना म्हणून एकच विनंती आहे. संप करायची वेळ पुन्हा येईल, मागण्याही खऱ्या असतील. त्या दिवशी नोटीस लिहायला बसाल तेव्हा थकबाकीच्या आणि पेन्शनच्या आधी, पहिल्या क्रमांकावर, विद्यार्थ्याची मागणी लिहा. आणि मंत्रालयातून तडजोडीचा कागद सहीसाठी समोर येईल तेव्हा ती ओळ त्यात आहे की नाही हे आधी पाहा. नसेल तर सही करू नका.